शांततेचा ग्रुप फोटो: क्लिकच्या आधी काय होतं?

लोकलमध्ये उभं राहून, एसटीच्या खिडकीत बसून, भांडी घासताना किंवा रात्री दिवा बंद करून, जसं ऐकत असाल तसं, आजच्या भागात स्वागत. आणि जे ऐकण्याऐवजी इथे वाचताहेत, त्यांचंही. बोललोय तसंच लिहून काढलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे ना' थोडे कमी केलेत.

आजचा विषय आहे ग्रुप फोटो. कॉलेजच्या ट्रिपचा नाही, लग्नातला नाही. शांततेसाठी काढलेला ग्रुप फोटो. तुम्ही असे फोटो नक्की पाहिले असतील. शेकडो, कधी हजारो माणसं मैदानात जमतात, शांततेचं चिन्ह किंवा एखादा शब्द होईल अशी उभी राहतात, वरून कुणीतरी फोटो काढतं आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांच्या स्टेटसला असतो.

त्याखाली पहिली कमेंट ठरलेली असते. "फोटो काढून युद्ध थांबतं का?" किंवा आपल्याकडे, "फोटो काढून दंगल थांबते का?"

हा प्रश्न टोमणा म्हणून विचारला जातो, पण प्रश्न चांगला आहे. त्याला टाळून पुढे जायला नको. आज आपण त्याच प्रश्नाला धरून बोलूया.

सुरुवात करू एका फसलेल्या विक्रमापासून.

६ ऑक्टोबर २०१५. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क. तीन दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, जॉन लेननचा पंचाहत्तरावा वाढदिवस असता. बीटल्सवाला जॉन लेनन. १९८० साली त्याच शहरात, त्याच पार्कजवळच्या त्याच्या घराबाहेर त्याला गोळ्या घालून मारलं होतं. त्याची पत्नी योको ओनो हिने लोकांना बोलावलं: या, आपण सगळे मिळून माणसांचं शांतिचिन्ह करू, जगातलं सगळ्यात मोठं. गिनीज बुकचा परीक्षकसुद्धा हजर होता.

मोडायचा विक्रम होता इथाका नावाच्या गावाचा. हे गाव न्यूयॉर्क राज्यातच आहे, पण शहरापासून बरंच लांब. तिथे जून २००८ मध्ये ५,८१४ लोकांनी मिळून शांतिचिन्ह केलं होतं. आणि गंमत बघा, तो सगळा घाट घातला होता एका हायस्कूलच्या विद्यार्थ्याने. ना पार्टी, ना सेलिब्रिटी.

सेंट्रल पार्कात किती लोक आले? साधारण दोन हजार. विक्रम झाला नाही. जगप्रसिद्ध नाव, जगातलं एक मोठं शहर, तरी आकडा एका शाळकरी पोराच्या गावाएवढाही झाला नाही.

का? नेमकं कारण छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण एक फरक उघड आहे. छोट्या गावात माणूस माणसाला बोलावतो. "तू येतोयस ना? मग मी पण येते. आईला पण आणते." मोठ्या शहरात पोस्टर दिसतं, बातमी दिसते, आपण लाईक करतो आणि कामाला जातो. माणूस मैदानात येतो तो बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाने सांगितलं म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हे चिन्ह कुठून आलं ते बघू. गोल, मध्ये उभी रेघ आणि खाली तिरक्या दोन रेघा. टी-शर्टवर असतं, रिक्षाच्या मागे असतं, मोबाइलच्या कव्हरवर असतं. बऱ्याच जणांना वाटतं की ही हिप्पी लोकांची आयडिया. तसं नाहीये.

हे चिन्ह १९५८ साली लंडनमध्ये जेराल्ड होल्टम नावाच्या डिझायनरने काढलं. दुसऱ्या महायुद्धात त्याने लढायला नकार दिला होता. १९५८ च्या ईस्टरला अण्वस्त्रांच्या विरोधात एक मोर्चा निघणार होता. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातून चालत थेट ऑल्डरमॅस्टनपर्यंत, जिथे ब्रिटनची अण्वस्त्रं तयार होत होती. ऐंशी किलोमीटरहून जास्त अंतर, चार दिवस पायी. आपल्याकडे वारीला जाणाऱ्यांना कल्पना येईल.

त्या मोर्चासाठी होल्टमने हे चिन्ह केलं. जहाजांवर झेंडे हातात धरून इशारे करायची एक पद्धत असते, सेमाफोर. त्यात दोन्ही हात तिरके खाली धरले की 'एन' होतो. एक हात सरळ वर आणि एक सरळ खाली धरला की 'डी'. न्यूक्लिअर डिसआर्ममेंट, म्हणजे अण्वस्त्रं नकोत, यातली ही दोन अक्षरं. ती एकावर एक ठेवली, भोवती गोल काढला, झालं चिन्ह. त्याचा ट्रेडमार्क घेतला नाही. कुणीही वापरा, फुकट. म्हणून ते जगभर गेलं.

म्हणजे या चिन्हाच्या आत मुळातच एक माणूस उभा आहे, हात खाली करून इशारा देणारा. त्यामुळे माणसांनीच ते मैदानावर उभं राहून तयार करणं, हे चिन्हाला अगदी शोभतं.

पण थांबा. इथे एक अडचणीची गोष्ट सांगायला हवी. माणसांचा आकार करून वरून फोटो काढायचं हे तंत्र शांततेवाल्यांनी शोधलेलं नाही. त्याचा मोठा गाजावाजा झाला तो युद्धाच्या काळात.

पहिलं महायुद्ध चालू होतं. अमेरिकेत आर्थर मोल आणि जॉन थॉमस हे दोघे फोटोग्राफर सैनिकी तळांवर जायचे. ऐंशी फूट उंच मचाण बांधायचे. मोल वर मोठा कॅमेरा घेऊन चढायचा, भोंग्यातून ओरडून सूचना द्यायचा आणि खाली हजारो सैनिक आकारात उभे केले जायचे. कधी राष्ट्राध्यक्ष विल्सनचा चेहरा, कधी लिबर्टी बेल.

१९१८ च्या जुलैमध्ये आयोवा राज्यात कॅम्प डॉज या तळावर त्यांनी १८,००० माणसांचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा केला. भर उन्हाळा, अंगात जाड लोकरी गणवेश. काही जण चक्कर येऊन पडले. आणि आता आकडा ऐका. या १८,००० पैकी साधारण १२,००० माणसं एकट्या मशालीच्या ज्वाळेत होती. पुतळ्याच्या पायथ्याशी? फक्त १७.

असं का? ड्रोन नव्हता ना! कॅमेरा सरळ वरून बघत नव्हता, एका टोकाकडून तिरका बघत होता. जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची छोटी. त्यामुळे मशाल नीट दिसायला हवी तर लांबच्या टोकाला हजारो माणसं उभी करावी लागायची.

फोटो अप्रतिम आहेत, नक्की शोधून बघा. पण ते होते युद्धकाळातलं देशप्रेम चेतवण्यासाठी. आणि त्यातली माणसं हुकूम आला म्हणून उभी होती.

म्हणून पहिला मुद्दा इथेच स्पष्ट करू. हजारो माणसं एका आकारात उभी आहेत, एवढ्यावरून फोटो शांततेचा ठरत नाही. तोच मचाण, तोच कॅमेरा, तीच शिस्त दोन्हीकडे चालते. मग फरक कशात आहे? माणसं तिथे कशी आली, यात.

आता दुसरा प्रसंग घेऊ. नोव्हेंबर २००२. अमेरिका इराकवर हल्ला करणार, असं वातावरण होतं. कॅलिफोर्नियात पॉइंट रेज स्टेशन नावाचं छोटं गाव आहे. तिथे साधारण पन्नास बायका एका कुरणात जमल्या. पाऊस भुरभुरत होता, गवत ओलं, थंडी. त्या सगळ्या कपडे काढून गवतावर आडव्या झाल्या आणि त्यांच्या शरीरांनी 'पीस' हा शब्द लिहिला गेला. कल्पना होती डॉना शीहान या सत्तरी ओलांडलेल्या बाईंची.

आपल्याकडे हे ऐकून भुवया उंचावतील. तिथेही उंचावल्या. पण एक गोष्ट बघा. या कुणी मॉडेल नव्हत्या. गावातल्या, सगळ्या वयाच्या बायका होत्या. त्यांच्याकडे पैसा नव्हता, चॅनेल नव्हतं, पद नव्हतं. जी गोष्ट द्यायला सगळ्यात अवघड वाटते, ती त्यांनी दिली. स्वतःचा संकोच. तो फोटो तेव्हाच्या इंटरनेटवर, म्हणजे फेसबुक, इन्स्टा यायच्या आधी, ईमेलने फिरला आणि मग वेगवेगळ्या देशांतून तसे फोटो यायला लागले. जानेवारी २००३ मध्ये तर अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळावरच्या लोकांनी बर्फावर शांतिचिन्ह केलं. तिथे अर्थातच कपडे घालून!

आणि मग? २० मार्च २००३ ला इराक युद्ध सुरू झालं.

हे लपवण्यात अर्थ नाही. फोटोने युद्ध थांबवलं नाही. त्याच फेब्रुवारीत जगभर लाखो लोक रस्त्यावर उतरले होते, त्यांनीही थांबलं नाही. म्हणजे कमेंटवाला बरोबर?

अर्धा बरोबर. हजारो मैल लांब कुठल्यातरी कार्यालयात घेतलेला निर्णय मैदानातल्या फोटोने सहसा बदलत नाही. पण सगळी भांडणं तेवढी लांब नसतात. काही भांडणं आपल्या गल्लीत असतात. आणि तिथे हिशोब वेगळा लागतो. चला, आता आपल्याकडे येऊ.

आपल्या प्रत्येक शहरात, तालुक्यात एक प्रकारचा शांततेचा ग्रुप फोटो दरवर्षी निघतो. ओळखा बघू कुठला? गणपती आणि ईदच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो: मध्ये पीआय साहेब, बाजूला मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे ट्रस्टी, माजी नगरसेवक, मागे पुसटसा कुणाचा तरी अर्धा चेहरा. खाली ओळ: "शांतता समितीची बैठक खेळीमेळीत संपन्न."

आपण हसतो. आणि बऱ्याच ठिकाणी तो फोटो खरंच नुसता फोटो असतो. वर्षातून एकदा भेटायचं, चहा-बिस्किट, क्लिक, घरी. ज्यांची मुलं मिरवणुकीत पुढे असतात ती माणसं खोलीत नसतातच.

पण तीच बैठक मन लावून केली तर काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. भिवंडी.

भिवंडीत १९७० मध्ये मोठी दंगल झाली, १९८४ मध्ये पुन्हा झाली. यंत्रमागांचं शहर, दाट वस्ती, दोन्ही समाज शेजारी शेजारी. पुढे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसायचे. विषय काय? फार थोर नाही. नळाचं भांडण, पोरांची मारामारी, कुणीतरी पसरवलेली अफवा. छोटी गोष्ट छोटी असतानाच मिटवायची. हळूहळू एकमेकांची नावं, घरं, दुकानं माहीत झाली.

मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. मुंबईत दंगली उसळल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसं गेली. आणि भिवंडी, जिथे सगळ्यांना सगळ्यात आधी भडका उडेल असं वाटत होतं, ती शांत राहिली. खोपडेंनी पुढे यावर पुस्तकच लिहिलं, 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' नावातच प्रश्न आहे.

त्याच दंगलींनंतर मुंबईतही मोहल्ला समित्यांचं काम उभं राहिलं. ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे ही नावं त्यात येतात. पुढे या चळवळीने पोलीस आणि वस्तीतल्या मुलांच्या क्रिकेट मॅचेससुद्धा भरवल्या.

आणि धारावीत एक फोटो निघाला. आजच्या विषयासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा फोटो.

भाऊ कोरडे आणि वकार खान. धारावीतले दोन मित्र. एक हिंदू, एक मुसलमान. दंगलीनंतर वस्तीत समित्यांचं काम करताना त्यांच्या लक्षात आलं की भाषणं कुणी ऐकत नाही. मग वकार खान यांनी एक साधी गोष्ट केली. चार लहान मुलं उभी केली, चार धर्मांच्या पोशाखात: हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिश्चन. फोटो काढला, पोस्टर केलं. वर शब्द: 'हम सब एक हैं'.

त्यात ना ड्रोन, ना पाच हजार लोक. चार मुलं. पण ते पोस्टर मुंबईत ठिकठिकाणी लागलं. या दोघांच्या मैत्रीवर आणि कामावर अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३ मध्ये 'नाता' नावाचा माहितीपट केला. पाऊण तासाचा आहे. मिळाला तर बघाच.

आता विचार करा, तसं पोस्टर जाहिरात कंपनीनेही केलं असतं. कदाचित जास्त चकचकीत. पण भिंतीवर ते पोस्टर बघणाऱ्या धारावीतल्या माणसाला हे माहीत होतं की हे लावणारे दोघे जण रात्री-अपरात्री दार ठोठावलं तर उठून येणारे आहेत. पोस्टरच्या मागे माणसं होती.

म्हणून मला वाटतं, फोटो ही एक पावती असते. पावतीने पोट भरत नाही, बरोबर. पण सामान घेतलेलं असेल तर पावतीला अर्थ असतो. ती दाखवून म्हणता येतं, "अरे, आपलं ठरलं होतं ना? तू पण उभा होतास ना तिथे?" आणि सामान घेतलंच नसेल, तर पावती कितीही रंगीत छापा, ती खोटीच.

आणि कधी कधी सामान पक्कं असतं पण पावतीची गरजही पडत नाही. २०२३ साल आठवा. अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत मुस्लिम समाजाने ठरवलं की आपली मिरवणूक एक दिवस पुढे नेऊ. सरकारनेही ईदची सुट्टी २९ तारखेला नेली. पुढच्या वर्षी तारखा पुन्हा जवळ आल्या, तेव्हाही जुलूस पुढे गेले. हा निर्णय कुणाच्या तरी घरात, मशिदीत, पोलीस ठाण्यात चहाच्या कपावर झाला असणार. त्याचा व्हायरल फोटो आपल्याला आठवत नाही. पण त्या दिवशी लाखो माणसं रात्री सुखरूप घरी गेली.

तर मग, फोटो काढायचाच नाही का? काढायचा! मस्त काढायचा. तुमच्या कॉलेजात, सोसायटीत, गावात २ ऑक्टोबरला किंवा ३० जानेवारीला करायचा असेल तर थोडं कामाचं सांगतो, मोबाइलवर नोट करून ठेवा.

आधी गणित. गोलाची त्रिज्या १० मीटर धरा. गोलाचा घेर साधारण ६३ मीटर, मधली उभी रेघ २० मीटर, खालच्या दोन तिरक्या रेघा १० आणि १० मीटर. एकूण जवळजवळ १०३ मीटर. खांद्याला खांदा लावून एका माणसाला अर्धा मीटर धरला तर एका रांगेला सुमारे २०० माणसं लागतात. त्रिज्या ५ मीटर घेतली तर १०० माणसांत काम होतं. म्हणजे एक वर्ग आणि त्यांचे घरचे आले तरी पुरे. पाच हजार कशाला हवेत?

आखायला मैदानाच्या मध्ये खुंटी ठोका, दोरी बांधा, दोरी ताणून फिरवत फक्की टाका. कबड्डीचं मैदान आखणाऱ्या कुणालाही सांगा, दहा मिनिटांत करून देईल. मधली उभी रेघ खालपर्यंत न्यायला विसरू नका. विसरलात तर खाली तीन टोकांचा तारा होतो आणि वरून मर्सिडीज गाडीची जाहिरात दिसते!

ड्रोन असेल तर आपल्या भागात उडवायला परवानगी आहे का ते आधी बघा. नसेल तर शाळेची गच्ची चालते. मात्र गच्चीवरून तिरका फोटो येणार, तेव्हा आर्थर मोल आठवा: आकार लांबच्या बाजूला जरा ताणून आखा, तिकडे माणसं जास्त लागतील.

सकाळी लवकर घ्या. पाणी ठेवा. आजी-आजोबांना खुर्च्या द्या, खुर्चीत बसलेला माणूसही वरून ठिपकाच दिसतो. लहान मुलांचे फोटो ऑनलाइन टाकण्याआधी पालकांना विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पोस्टर फॉरवर्ड करून थांबू नका. इथाका आणि सेंट्रल पार्क आठवा. प्रत्येकाने एकाच माणसाला स्वतः जाऊन बोलवायचं. आणि तो माणूस आपल्या ग्रुपमधला नको. दुसऱ्या गल्लीतला, दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या जातीचा, ज्याच्याशी आपण गेल्या निवडणुकीपासून बोलत नाही तो. फोन करा, नाहीतर घरी जा. बहुतेक वेळा समोरचा विचारेल, "मला का बोलावतोयस?" त्या प्रश्नाचं उत्तर देताना जे बोलणं होईल, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

रांगेत उभं करतानाही आपापली टोळी करून उभं राहू देऊ नका. एक इकडचा, एक तिकडचा. फक्कीच्या रेघेवर पंधरा-वीस मिनिटं उभं राहावं लागतं. ऊन लागतं, कंटाळा येतो, माणसं बोलायला लागतात. "तुम्ही कुठे राहता?" "अरे, तुझा भाऊ माझ्या वर्गात होता!" वरच्या कॅमेऱ्याला यातलं काही ऐकू येत नाही. पण तुमच्या गावाला पुढच्या अफवेच्या रात्री हेच उपयोगी पडणार आहे.

फोटो झाला की लगेच पांगू नका. चहा ठेवा. नंबर घ्या. आणि एक छोटा ग्रुप करा, गुड मॉर्निंग पाठवायला नाही, तर काही उलटसुलट व्हिडिओ फिरायला लागला की "हे खरं आहे का रे?" असं थेट विचारायला. एवढं केलंत तर कमेंटमध्ये "फोटो काढून काय होतं" असं कुणी विचारलं की त्याला वाद घालत बसायची गरज नाही. त्याला पुढच्या वेळी बोलवा. रांगेत एक जागा रिकामी ठेवा त्याच्यासाठी.

तुमच्या गावात, मोहल्ल्यात, वाडीत असा फोटो निघाला असेल, आणि त्याच्या आधी किंवा नंतर काय घडलं हे तुम्हाला माहीत असेल, तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. फोटोपेक्षा ती गोष्ट ऐकायला आम्हाला जास्त आवडेल. पुढच्या भागांत त्यातल्या काही ऐकवू.

आज इथेच थांबू. काळजी घ्या, आणि ऐकत राहा.